खुनी कोण, हे प्लेअरला कधी कळू द्यायचं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतेय. माझं अडखळणं, मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी वगैरे काढून टाकलंय. आणि आधीच सांगून ठेवते, या भागात एका चाळीस वर्षं जुन्या गेममधला खुनी मी फोडणार आहे. तो फोडल्याशिवाय विषय पुढे सरकतच नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथेच थांबा, मी रागावणार नाही.

गेल्या पावसाळ्यात मी फोनवर ‘एस अटर्नी’ खेळत होते. कल्याण ते सीएसएमटी, बसायला जागा मिळालीच तर. कोर्टातला गेम आहे. तुम्ही बचाव पक्षाचे वकील, समोर साक्षीदार बोलतोय, त्यातलं खोटं पकडायचं. इअरफोन घरी विसरलेले, लोकलमध्ये आवाज सोडला तर शेजारची बाई फोनच बाहेर फेकेल, म्हणून सगळं म्यूटवर. दोन दिवस तसंच खेळले आणि मनात म्हटलं, लोक याचं एवढं कौतुक का करतात बुवा? अक्षरं येतात, आपण वाचतो, बोट लावतो, पुढची अक्षरं येतात.

रविवारी घरी इअरफोन लावून तोच खटला पहिल्यापासून खेळले. साक्षीदार ठासून खोटं बोलतोय, मागे धून चालूय, मी पुरावा समोर ठेवला आणि धून कापल्यासारखी थांबली. एकदम शांत. मग नवीन धून, पहिलीपेक्षा चढी. अंगावर काटा आला हो. चित्रं तीच, वाक्यं तीच, उत्तर तर मला आधीच माहीत होतं!

ही शांतता कोणी ठरवली, कुठून आली, हे शोधायला बसले आणि थेट १९८० सालात जाऊन पोचले.

तेव्हा कॅलिफोर्नियात रॉबर्टा विल्यम्स नावाची एक तरुण आई होती. तिला प्रोग्रामिंग येत नव्हतं. नवरा केन प्रोग्रामर. त्याच्यामुळे तिला ‘कोलोसल केव्ह’ हा फक्त शब्दांचा गेम खेळायला मिळाला. गुहेत फिरायचं, ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असं टाइप करायचं, आणि कॉम्प्युटर काय झालं ते लिहून सांगणार. ती वेडावली. तो संपल्यावर तसेच गेम फारसे मिळेनात, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने स्वतःच गोष्ट लिहायला घेतली. डोक्यात ॲगाथा ख्रिस्तीची ‘अँड देन देअर वेअर नन’ ही कादंबरी, जिच्यात एका बेटावरची माणसं एकेक करून मरत जातात, आणि ‘क्लूडो’ हा बोर्डगेम. नाव ठेवलं ‘मिस्टरी हाउस’. जुना बंगला, सात माणसं, लपवलेले दागिने, आणि एकामागून एक प्रेतं.

रॉबर्टाला वाटलं, नुसत्या शब्दांनी भागणार नाही, चित्रं हवीत. केनने रात्री जागून तेवढ्यासाठी प्रोग्राम लिहिला, तिने सत्तरएक चित्रं काढली. चित्रं म्हणजे काय, काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. माणसं अशी की पहिलीतल्या पोराने काढलेली बरी. पण ॲपल टूवर चित्रं असलेला हा पहिला ॲडव्हेंचर गेम. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून विकली, आणि त्या काळाच्या मानाने ती तुफान खपली. याच घरगुती धंद्यातून पुढे ‘सिएरा’ ही मोठी कंपनी उभी राहिली.

आता त्या सात माणसांकडे बघा. टॉम प्लंबर, बिल खाटीक, जो कबरी खणणारा, डेझी स्वयंपाकीण... नाव आणि धंदा, पात्र संपलं! कोणाला राग येत नाही, कोणी कोणाला टाळत नाही. प्रेत होईपर्यंत ही माणसं निव्वळ उभी असतात. रॉबर्टाला दोष देत नाहीये मी. पात्राला स्वभाव द्यायचा तर शब्द लागतात, शब्दांना जागा लागते, आणि जागाच नव्हती.

दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, याच जागेच्या अडचणीतून एक भन्नाट गोष्ट निघाली. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये ‘इन्फोकॉम’ नावाची कंपनी होती. तिथल्या मार्क ब्लँकने ‘डेडलाइन’ लिहिला. एक श्रीमंत माणूस आतून बंद असलेल्या खोलीत मेलेला सापडतो. आत्महत्या की खून? हातात फक्त १२ तास. सगळा मजकूर काही डिस्कवर मावेना. मग त्यांनी उरलेली गोष्ट खोक्यात घातली, खरीखुरी! पोलिसांनी घेतलेले जबाब, लॅबचा रिपोर्ट, प्रेत पडलं होतं त्या जागेचा फोटो, आणि एका पुडीत पांढऱ्या गोळ्यासुद्धा. १९३० च्या दशकात डेनिस व्हीटली या इंग्लिश लेखकाने असे पुराव्यांचे फाइल-संच पुस्तक म्हणून काढले होते, त्यावरून ही कल्पना आली. खोक्यातल्या या चिजांना इन्फोकॉमवाले ‘फीलीज’ म्हणायला लागले, आणि पुढे प्रत्येक गेमसोबत त्या देणं ही त्यांची ओळखच झाली.

मला मात्र ‘डेडलाइन’मधली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. घड्याळ. तुम्ही एका खोलीत कपाट उचकत असता तेव्हा बंगल्यातली बाकीची माणसं आपापल्या कामाला लागलेली असतात. कोणी फोनवर बोलतं, ते बोलणं तुम्ही त्या वेळी ऐकलं नाही तर गेलं. माळीबुवा आपल्या गुलाबांची कोणी नासधूस केली म्हणून धुसफुसत असतात. त्यांच्याशी नीट बोललात तर त्या रागात एक धागा सापडतो. म्हणजे पात्राला स्वभाव कसा दिला? लांबलचक वर्णनाने नाही. त्याला दिवसभराचं काम दिलं आणि एक तक्रार दिली. आपल्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना आपण कसे ओळखतो? तसंच.

पण इथेही एक दुखणं राहिलंच. सगळं टाइप करायचं, आणि कॉम्प्युटरला नेमका तोच शब्द हवा. तुम्हाला उत्तर सुचलंय, पण ‘उघड’ म्हणायचं की ‘ढकल’ म्हणायचं यात अर्धा तास गेला. रहस्य बाजूला, शब्दांचीच भेंडी लागलीय.

आणि आता आपला मुख्य माणूस येतो. युजी होरी. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट’ करून जपानमध्ये घराघरांत पोचला तोच. १९८२ मध्ये तो मासिकांसाठी लिहिणारा फ्रीलान्स लेखक होता. एनिक्स नावाच्या नव्या कंपनीने गेम बनवण्याची स्पर्धा लावली. होरीने टेनिसचा गेम पाठवला आणि बक्षीस मिळवलं. त्याच स्पर्धेत कोइची नाकामुरा नावाच्या शाळकरी पोरानेही बक्षीस मारलं. हे नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

अमेरिकेत ॲडव्हेंचर गेम नावाचा प्रकार असतो, हे होरीने मासिकात वाचलं होतं. जपानीत तसं का नसावं म्हणून त्याने स्वतःच बेसिकमध्ये लिहायला घेतलं आणि १९८३ मध्ये ‘पोर्टोपिया रेन्झोकु सात्सुजिन जिकेन’ आला. पोर्टोपियातील खूनसत्र म्हणूया. त्याआधी दोन वर्षं कोबे शहरात पोर्टोपिया नावाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, नाव तिथलं. होरी स्वतः कोबेच्या समोरच्या आवाजी बेटावरचा. गोष्टीत कोबे बंदर आहे, त्याचं स्वतःचं बेटही आहे. विलायती बंगला नको, मला माहीत असलेल्या गल्ल्यांमध्येच खून होऊ दे, असा हा हिशेब. आपल्याकडे कोणी रत्नागिरीच्या जेट्टीवर असा गेम का केला नाही, हे मला दर वेळी वाटतं. असो.

गोष्ट अशी. कर्जं देणाऱ्या कंपनीचा मालक बंद खोलीत मेलेला सापडतो. तुम्ही तपास अधिकारी, पण तुम्ही पडद्यावर कधीच दिसत नाही, तुमचं तोंडही कोणी बघत नाही. तुमच्या हाताखाली यासू नावाचा तरुण पोलीस आहे. तुम्ही आज्ञा टाइप करायची, यासू ती पाळणार आणि येऊन सांगणार. त्याला विचारा, त्याला शोधायला लावा, त्याला पळवा. तो तुम्हाला ‘बॉस’ म्हणतो. बिचारा कधी कंटाळत नाही.

हा यासू का आला, ते जरा समजून घ्या. त्या काळच्या गेममध्ये तुमच्याशी बोलायचं ते कॉम्प्युटर. ‘मला हा शब्द समजला नाही’ असं मशीनच म्हणायचं, रुक्ष. होरीला कॉम्प्युटरशी गप्पा मारल्यासारखं वाटायला हवं होतं. म्हणून त्याने मशीनला एक नाव दिलं, आवाज दिला, थोडा मिश्कील स्वभाव दिला. यासू म्हणजे गेमचं बटण आहे हो! तुम्ही जे काही करता ते त्याच्या हातून करता.

आणि खुनी? यासू.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन बाजूला ठेवून पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसले. कादंबरीत निवेदकच खुनी निघाला तर आपण लेखकावर चिडतो किंवा टाळ्या वाजवतो. इथे तुम्ही ज्याच्या डोळ्यांनी खोली बघितलीत, ज्याने ‘बॉस, इथे काही नाही’ म्हटलं आणि तुम्ही विश्वास ठेवलात, तो. ज्या मेलेल्या माणसाची सहानुभूतीने चौकशी चालली होती त्यानेच एकेकाळी यासूच्या आईवडिलांना फसवून देशोधडीला लावलेलं असतं, त्यांनी जीव दिलेला असतो, भावाबहिणीची ताटातूट झालेली असते. एक क्षण असा येतो की तुम्ही यासूलाच कपडे उतरवायला सांगायचं, आणि त्याच्या खांद्यावरची फुलपाखरासारखी जन्मखूण बघायची. मशीन स्वतःहून कबूल होत नाही. तुम्हाला तिच्यावर संशय घ्यावा लागतो.

पात्र म्हणजे नाव आणि धंदा, इथून तीन वर्षांत गाडी कुठे आली बघा.

होरी टायपिंगच्या दुखण्यावरही विचार करत होता. पुढच्या वर्षी ‘ओखोत्स्क’ नावाच्या त्याच्या दुसऱ्या रहस्य गेममध्ये त्याने आज्ञांची यादीच पडद्यावर दिली, हवी ती निवडा. १९८५ मध्ये ‘पोर्टोपिया’ निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आला तेव्हा तिथे तर कीबोर्डच नव्हता, म्हणून १४ आज्ञांचा मेन्यू. हे फॅमिकॉमचं काम केलं ‘चुनसॉफ्ट’ने, म्हणजे नाकामुराच्या कंपनीने. त्या शाळकरी पोराने एव्हाना कंपनी काढली होती! सात लाखांवर कार्ट्रिज खपली. जपानी पोरापोरींमध्ये ‘खुनी यासू आहे’ ही म्हणच पडून गेली. कोणाला चिडवायचं असलं, शेवट फोडायचा असला, की हेच वाक्य. ‘मेटल गिअर’वाला हिदेओ कोजिमा, त्याने आपल्याला गेमकडे ओढणाऱ्या खेळांमध्ये ‘पोर्टोपिया’चं नाव अनेकदा घेतलंय.

मेन्यू आला आणि एक सुख मिळालं, एक संकट आलं. सुख हे की शब्द शोधायची कटकट संपली. संकट हे की उत्तर आता पडद्यावरच लिहिलेलं आहे. सगळे पर्याय एकेक करून दाबत गेलात तर डोकं न वापरता खुनी सापडतो. रहस्य गेमचं खरं कोडं तेव्हापासून हेच आहे. प्लेअरला फसवायचंय, पण त्याला जिंकूही द्यायचंय, आणि ते जिंकणं त्याच्या डोक्याचं असलं पाहिजे, अंगठ्याचं नाही.

गंमत म्हणजे २०२३ मध्ये स्क्वेअर एनिक्सने ‘पोर्टोपिया’ पुन्हा काढला, फुकट, एआयची चाचणी म्हणून. मेन्यू नाही, तुम्ही मनात येईल ते टाइप करा, यासूला समजेल. तर यासूला काही समजेना! लोक वैतागले, रिव्ह्यूमध्ये धुलाई झाली. चाळीस वर्षांनी पुन्हा ‘उघड’ की ‘ढकल’.

नाकामुराकडे वळूया, कारण आवाज तिथून सुरू होतो.

एका मुलाखतीतला त्याचा किस्सा आहे. तो तेव्हा एका मुलीबरोबर हिंडत-फिरत होता. मोठ्या अभिमानाने त्याने तिला आपलं काम दाखवलं, ‘ड्रॅगन क्वेस्ट’. तिला काडीची मजा आली नाही. यात काय खेळायचं, तेच तिला कळेना. बिचाऱ्याच्या मनाला लागलं असणार. त्याने ठरवलं, ज्यांनी कधी गेमच खेळला नाही त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमवर ‘ओतोगिरिसो’ आला. पूर्ण पडद्यावर कादंबरीसारखा मजकूर, मागे एक चित्र, आणि आवाज. या प्रकाराला त्याने नाव दिलं ‘साउंड नॉव्हेल’. तरुण जोडपं, बिघडलेली गाडी, डोंगरातला वाडा. तुम्ही फक्त वाचायचं, आणि अधूनमधून पुढे काय करायचं ते निवडायचं.

आता जरा मशीनमध्ये डोकावूया, कंटाळू नका, दोन मिनिटंच. सुपर फॅमिकॉमची आवाजाची चिप सोनीची, केन कुतारागीने केलेली, तोच पुढे प्लेस्टेशनचा जनक. त्याआधीच्या मशीन बहुतेक पीं-पीं आवाज स्वतः तयार करायच्या. ही चिप खरे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू शकायची, एका वेळी आठ. पण आवाज ठेवायला मेमरी किती? ६४ केबी. पूर्ण दर्जाचा आवाज ठेवला तर चार सेकंदसुद्धा मावत नाहीत. तुम्ही मैत्रिणीला पाठवता ती व्हॉइस नोट यापेक्षा मोठी असते.

मग रात्रभर घोंगावणारा वारा त्यात बसवायचा कसा? दर्जा उतरवायचा, वाऱ्याचा एक छोटासा तुकडा घ्यायचा, तो गोल गोल फिरवत ठेवायचा आणि आवाज हळूच चढवायचा-उतरवायचा. दार करकरण्याचा एक तुकडा, पावलाचा एक. एवढ्या काटकसरीमुळे सतत काही वाजवत ठेवता येतच नाही, आणि वाजवूही नये. तुम्ही शांतपणे वाचताय, फक्त वारा आहे, आणि एका ओळीनंतर दार वाजतं. लेखकाने ‘दार वाजलं’ असं लिहायची गरजच उरत नाही. आणि पान तुमच्या बोटाने उलटतं, म्हणजे तो दचका तुम्ही स्वतःच दाबून आणलेला असतो. हे सिनेमात होत नाही. रेडिओवरच्या श्रुतिका ऐकलेल्या माझ्या आजीला हा प्रकार लगेच कळला असता.

१९९४ मध्ये त्यांनी दुसरं पाऊल उचललं. ‘कामाइताची नो योरु’. या वेळी गोष्ट लिहायला कोणाला बोलावलं? ताकेमारू अबिकोला, म्हणजे रहस्यकथा लिहिणाऱ्या खऱ्याखुऱ्या कादंबरीकाराला. बर्फात अडकलेलं लॉज, पाहुणे, आणि खून. यात माणसांचे चेहरे नाहीतच. नुसत्या निळ्या सावल्या, आरपार दिसणाऱ्या. चेहरा नसला की प्रत्येक वाचक आपल्या ओळखीतला चेहरा तिथे चिकटवतो, आणि कोणाच्या तोंडावरून ‘हा नक्की चोर’ असं ठरवताही येत नाही. चांगले चित्रकार असताना चित्र न काढायचं ठरवणं, याला धाडस लागतं.

अंगठ्याच्या दुखण्यावरही अबिकोने औषध काढलं. खुनी कोण, हे विचारताना यादी देत नाहीत, नाव तुम्हीच एकेक अक्षर घालून लिहायचं. आणि चुकलात तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ नाही. गोष्ट पुढे जाते आणि आणखी माणसं मरतात. तुमच्या चुकीमुळे. मग तुम्ही मागे येता तेव्हा घाबरून, नीट वाचून येता.

आता परत माझ्या लोकलमध्ये. कॅपकॉम कंपनीत शू टाकुमी नावाचा माणूस होता, रहस्य गेम करायचे म्हणूनच कंपनीत आलेला, आणि त्याला डायनासोरचे गेम करायला बसवलेलं. आयटीतल्या श्रोत्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. २००० साली ‘डायनो क्रायसिस २’ संपल्यावर त्याचा बॉस शिंजी मिकामी म्हणाला, तुला सहा महिने, हवा तो गेम कर. सात जणांच्या टीमने दहा महिन्यांत तो केला, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर ‘ग्याकुतेन साइबान’ आला. तोच आपला ‘एस अटर्नी’.

टाकुमीची तक्रार जुन्या रहस्य गेमबद्दलच होती. प्लेअर एक पर्याय निवडतो आणि मग नायक दहा ओळींत सगळा तर्क उलगडून सांगतो. मग शोधलं कोणी, मी की त्याने? त्याला एदोगावा राम्पोची एक कथा आवडायची, ज्यात गुन्हेगार स्वतःच्या बोलण्यातल्या विसंगतीमुळे अडकतो. त्याने तेवढंच उचललं. साक्ष चार-पाच वाक्यांत तोडायची. हातात पुराव्यांची यादी. नेमक्या कुठल्या वाक्याला कुठला पुरावा खोटं पाडतो, ते प्लेअरने दाखवायचं. वाक्यं गुणिले पुरावे, शिवाय प्रत्येक चुकीला दंड, म्हणजे अंदाजपंचे दाबत बसणं परवडत नाही. सुरुवातीला त्याचा नायक गुप्तहेर होता. पण खेळ सगळा बोलणं मोडून काढण्याचा आहे म्हटल्यावर गुप्तहेराचा वकील झाला आणि गोष्ट कोर्टात गेली.

आणि पहिल्याच खटल्यात टाकुमी काय करतो? सुरुवातीलाच खुनी दाखवून टाकतो! खून झाल्याझाल्या त्याचा घामेजलेला चेहरा समोर. मग उरतं काय? उरतं हे की कोर्टात तो गोड बोलतोय, तुम्हाला माहितेय तो खोटारडा आहे, आणि तुम्हाला ते सिद्ध करायचंय. या भागाच्या नावातल्या प्रश्नाचं त्याचं उत्तर हे असं, पहिल्या मिनिटाला.

पात्रं त्याने नावापासूनच रंगवली. नायकाचं जपानी आडनाव नारुहोदो, म्हणजे ‘अच्छा, असं होय!’ साक्षीदार खोटं पडला की तो घामाने डबडबतो, विग उडतो. हे चित्रातले तीन-चार तुकडेच असतात, पण बरोबर वेळी बदलतात.

आवाजाचं बघा. जागा कमी, पैसे कमी, नट परवडत नाहीत. म्हणून संवादाला टिक-टिक. पुरुष बोलत असला तर जाड टिकटिक, बाई बोलत असली तर बारीक. म्यूटवर खेळताना माझं नेमकं हेच गेलं होतं. टिकटिक मध्येच अडखळते, थांबते, आणि कानाला कळतं की माणूस घाबरलाय. खरा मानवी आवाज फक्त मोजक्या आरोळ्यांना, ‘हरकत आहे’, ‘थांबा’, ‘हे घ्या’. त्या कोणाच्या? नायकाची आरोळी स्वतः टाकुमीची. त्याच्या प्रतिस्पर्धी वकिलाची, पात्रं काढणाऱ्या तात्सुरो इवामोतोची. आणि पुढच्या खलनायक वकिलाची, संगीतकार मासाकाझू सुगिमोरीची. ऑफिसातल्या ऑफिसात काम!

त्या सुगिमोरीने उलटतपासणीला दोन धुनी केल्या. एक मध्यम लयीची, दुसरी तीच पण चढी. साक्षीदार पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा मध्यम. त्याची पहिली थाप उघडी पडली की चढी. दोन्हींच्या मध्ये ती शांतता, जिने मला रविवारी धरलं. खरं सांगायचं तर ती शांतता म्हणजे निकाल आहे. चूक उत्तर दिलं तर धून चालूच राहते. धून तुटली, की एकही अक्षर यायच्या आधी तुमच्या कानाला कळलेलं असतं, सापडला!

आता एक घरची फजिती. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही सगळी भावंडं गावी जमलो होतो. मी मोठ्या हौसेने खुनाचा खेळ रचला. कार्डं छापली, प्रत्येकाला भूमिका, मोदक चोरणारा कोण वगैरे नाही, खराखुरा खून. तीन तास चालेल असा अंदाज. माझ्या आठ वर्षांच्या मामेभावाने अकरा मिनिटांत सोडवला. कसा? तो प्रत्येकाजवळ गेला आणि माझ्याकडे बघून विचारत राहिला, ‘ताई, याने केला का? बरं मग याने?’ आणि माझा चेहरा वाचत राहिला. आत्या हसून हसून बेजार. ‘अगं, तुझं तोंडच मेन्यू आहे,’ म्हणाली.

याच दुखण्यावरचा मला माहीत असलेला सगळ्यात हुशार इलाज २०१८ मध्ये आला. लुकस पोपचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. एकटा माणूस, चित्रं त्याची, प्रोग्राम त्याचा, संगीतही त्याचंच. काही महिन्यांत उरकू म्हणून घेतलेलं काम, चार वर्षांहून जास्त चाललं. १८०७ साल, एक हरवलेलं जहाज रिकामं परत येतं. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांचं प्रत्येकाचं नाव आणि काय झालं ते एका वहीत भरायचं. पोपने नियम असा केला की तीन जणांची माहिती पूर्ण बरोबर आली तरच वही ‘बरोबर’ म्हणते. एकेकाला नाही, तिघांना मिळून. माझ्या मामेभावाची युक्ती तिथे चालत नाही. एकाचं नाव अंदाजाने टाकलंत तरी बाकी दोघे खरे सोडवावेच लागतात.

आणि आवाज! प्रेताजवळ गेलात की पडदा काळा होतो. आधी फक्त ऐकायचं. मरणाच्या आधीचे काही क्षण. बोलणं, धडपड, लाकूड फुटल्याचा आवाज. मग त्याच क्षणाचं गोठलेलं दृश्य दिसतं आणि तुम्ही त्यात फिरता. कोण कुठल्या देशाचा, हे पुष्कळदा बोलण्याच्या ढंगावरून ओळखायचं. चित्र मुद्दाम जुन्या मॅकिन्टॉशसारखं, दोनच रंग, ठिपके ठिपके. पुन्हा चेहऱ्याऐवजी कान.

त्या ६० जणांच्या यादीत काही खलाशी भारताचे आहेत. इतिहासात ही माणसं खरीच होती, कंपनीच्या जहाजांवर त्यांना लास्कर म्हणत, आणि आपल्या कोकणातून, गोव्यातून अशी किती तरी पोरं समुद्रावर गेली. गेममध्ये सय्यद आणि रजब अशी आडनावं आहेत, दोघे प्रवासाच्या सुरुवातीलाच आजारपणात जातात. त्यांच्या मरणात ना राक्षस, ना बंड. बहुतेक प्लेअर घाईत पुढे जातात, मीही गेले. शेवटी वहीत तिसरं नाव बरोबर येईना म्हणून परत त्यांच्याकडे आले, आणि पहिल्यांदा नीट थांबून त्यांच्या भोवतीची माणसं बघितली.

यंदा गावी पुन्हा खेळ ठेवतेय. या वेळी तीन नावं एकत्र बरोबर आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, आणि तोंडावर ओढणी घेऊन बसणार आहे. माळ्यावर आजीचा जुना टेपरेकॉर्डर आहे, त्यावर जिन्याचा आवाज भरून ठेवलाय. तो कधी लावायचा ते ठरलंय. आत्याला एवढ्यात सांगू नका, ती हा ब्लॉग वाचते की नाही मला अजून कळलेलं नाही.